बारा नग, परदेश

ती गेल्याचं मला तिच्या ऑफिसच्या शिपायाने सांगितलं. फेब्रुवारीची अकरा तारीख, दुपारचे सव्वातीन. मी कारखान्यात काटा लावत होतो. म्हणजे ताणकाट्याच्या हुकाला ठरलेली वजनं एकेक करून अडकवायची आणि दर वजनाला सुई थांबेल तिथे पितळी पट्टीवर रेघ मारायची. प्रत्येक कमान, म्हणजे आतली स्प्रिंग, वेगळी ताणली जाते, म्हणून प्रत्येक पट्टी हातानेच लावावी लागते. हुकाला चौदा किलो होते. शिपाई गेटमधून धावत आला नाही, चालत आला, म्हणून मला वाटलं काही साधा निरोप असेल.

"काका, बाई टेबलावरच गेल्या," तो म्हणाला.

मी चौदा किलो उतरवून खाली ठेवले. कमानीवर भार तसाच टाकून जायचं नसतं, दुसरं काही तेव्हा सुचलं नाही. मी वाकलेलाच होतो तेवढ्यात त्याने विचारलं, "त्यांच्या कपाटाची किल्ली घरी असते का?"

तो प्रश्न तेव्हा कानावरून गेला. दवाखाना, कागद, येणारी-जाणारी माणसं यात आठवडा संपला. आठव्या दिवशी सकाळी एकच कप विसळताना तो प्रश्न मला परत ऐकू आला. बायको गेल्याचं सांगायला आलेला माणूस त्याच दमात किल्ली मागतो, तेव्हा ती त्याला स्वतःला नको असते. त्याला कोणीतरी मागायला सांगितलेलं असतं. आधी बातमी की आधी किल्ली, एवढंच त्याच्यावर सोडलेलं असतं.

तिचं काम काय होतं ते सांगतो. आमचा देश लहान आहे. इतका लहान की इथून परदेशी जो जो माल जातो त्याचा एकेक नमुना एका मोठ्या खोलीत मावतो. त्या खोलीला नमुनाघर म्हणतात. फळ्यांवर ओळीने वस्तू मांडलेल्या असतात. बुटांचे तळवे, पंपाचे पंखे, खडू, औषधाच्या बाटल्यांची झाकणं. प्रत्येकीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली. तो माल पहिल्यांदा कधी बाहेर गेला आणि शेवटचा कधी गेला, ते चिठ्ठीवर. ज्या मालाने वर्षभरात हद्द ओलांडली नाही त्याचा दोरा मार्चअखेर कात्रीने कापायचा आणि नमुना तळघरात पाठवायचा. नवा माल आला असेल त्याला नवी चिठ्ठी बांधायची. मग राहिलेल्या चिठ्ठ्या मोजायच्या. तो देशाचा आकडा. तो पुस्तिकेत छापतात, भाषणात सांगतात, बाहेरचे पाहुणे आले की त्यांना खोली दाखवतात.

ती कात्री सव्वीस वर्षं माझ्या बायकोच्या हातात होती. ऑफिसात तिला मालाचा यम म्हणायचे. मार्च संपला की ती घरी येऊन सांगायची, "आज सात जणांना पोचवलं," आणि भाजी चिरायला घ्यायची. कोणाकोणाला, असं मी विचारायचो. मग ती नावं घ्यायची, गावातल्या म्हाताऱ्यांची घ्यावीत तशी. मेणबत्तीचे साचे गेले. टाइपरायटरची फीत गेली. वाईट वाटतं का, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, फळी रिकामी झाली नाही तर नवा ठेवायचा कुठे?

बाराव्या दिवशी तिचे साहेब घरी आले. फळं घेऊन आले. तिच्या सचोटीबद्दल बोलले, आणि बोलताना डोळे खोलीभर फिरत होते. लाकडी कपाट, शिवणाचं यंत्र, माळा. मी चहा केला. शेवटी ते मुद्द्यावर आले. मार्चअखेर जवळ आली आहे. कपाट उघडलं नाही तर मोजणी अडेल. कुलूप तोडता येतं, पण सरकारी कुलूप तोडायचं म्हणजे पंचनामा, दोन साक्षीदार, वरून माणूस बोलवा. या वयात तुम्हाला कशाला तो त्रास.

मी म्हटलं, मला कसला त्रास, करा की पंचनामा.

ते हसले आणि कप खाली ठेवला. ते गेल्यावर मला कळलं, की चहात साखर घालायलाच मी विसरलो होतो. त्यांनी तो एक शब्द न बोलता तळापर्यंत प्यायला होता. बिनसाखरेचा चहा गोड मानून पिणाऱ्या माणसाला तुमच्याकडून काहीतरी हवं असतं.

मी त्यांच्याशी खोटं बोललो नव्हतो, किल्ली कुठे आहे हे मला खरंच माहीत नव्हतं. आता मात्र मी शोधायला लागलो. शिवणाच्या यंत्राच्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली ती सापडली. किल्लीबरोबर टाचणी लावलेल्या चार पावत्या होत्या. पोस्टाच्या. चार वर्षं, दर जानेवारीत एक पार्सल परदेशी गेलेलं. वजन चारही वेळा नऊ किलो दोनशे. घेणाऱ्याचं नाव माझ्या साडूचं.

साडूबद्दल सांगायला हवं. तो आधी हिला बघायला आला होता. हिला नाही म्हणाला आणि धाकटीला हो म्हणाला. मग मी आलो. मी पुष्कळ वर्षं ते चेष्टेवारी घेतलं. साडूच्या कृपेने माझा संसार झाला, असं चारचौघांत म्हणायचो, आणि ही म्हणायची, कृपा कोणावर झाली ते अजून ठरायचंय. पुढे तो परदेशी गेला, तिकडे हार्डवेअरचं दुकान टाकलं. नऊ वर्षांपूर्वी सुटीवर आला तेव्हा जेवताना म्हणाला, "तुमचे काटे आता काचेच्या कपाटात ठेवा. आमच्याकडे मासळीवालीसुद्धा पडद्यावर आकडा बघते." मी ताटावरून उठलो. तेव्हापासून मी त्याच्याशी बोललो नव्हतो.

आणि ही त्याला चार वर्षं पार्सलं पाठवत होती, मला न सांगता.

माणसाच्या मनात काय काय येतं ते लिहायला लाज वाटते, पण आलं ते आलं. बत्तीस वर्षं संसार केलेली बायको गेली, तिच्यासाठी नीट रडूही झालं नव्हतं, आणि मी पावत्यांवरच्या तारखा लावून बघत बसलो. त्या जानेवारीत ती कशी वागत होती. नवी साडी घेतली होती का. फोन आला की गॅलरीत जायची का. जायची. मग आठवलं, ती धाकटीशी बोलायलाही गॅलरीतच जायची, कारण मी टीव्ही मोठा लावतो. तरी संशय काही जाईना.

दोन दिवस असे काढले. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन लावला. साडूनेच उचलला. मी नाव सांगितल्यावर तो म्हणाला, "थांबा, हिला देतो." मला हेच अपेक्षित होतं आणि हेच नको होतं. मेव्हणी आली, आधी रडली. ते थांबल्यावर मी पार्सलांचं विचारलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "आमच्या माळ्यावर तुमचे अठ्ठेचाळीस काटे पडलेत. वजन करायला घरात काही उरलं नाही हो. मांजराचंसुद्धा झालं."

ती सांगत गेली. ताईने शपथ घातली होती. दर वर्षी बारा. विकू नका, वाटू नका, फक्त घ्या आणि पोच द्या. का, असं साडूने विचारलं तर ताई म्हणाली होती, कायद्यात किती माल ते लिहिलेलं नाही, गेला पाहिजे एवढंच लिहिलंय.

आता कारखान्याचं सांगतो, मग सगळं जुळेल. आमच्याकडे दर डिसेंबरात मालक स्वतः माझ्या बाकापाशी यायचे आणि चिठ्ठी द्यायचे. बारा नग, परदेश. इतर काटे इथले भंगारवाले, भाजीवाले घ्यायचे, तेही कमी कमी होत चाललेले. पण हे बारा बाहेर जायचे. मालक म्हणायचे, "मिस्तरी, तुमच्या हाताला अजून गिऱ्हाईक आहे बघा." त्या बारांना मी जास्त वेळ द्यायचो. कमानी निवडून घ्यायचो. आणि संध्याकाळी घरी येऊन बायकोला सांगायचो, तिकडचा गिऱ्हाईक चोखंदळ आहे, बाराच मागवतो पण चुकत नाही. ती ऐकून घ्यायची. म्हणायची, "मग नीट करा."

मी मालकांकडे गेलो. ते आधी बिलं शोधल्यासारखं करायला लागले, मग त्यांनी पंखा मोठा केला. वहिनींनी स्वतः येऊन मागितले, ते म्हणाले. सांगू नका म्हणाल्या. माझं काय जात होतं? काटा देशाच्या यादीत राहिला की कारखान्याला विजेचा दर कमी लागतो. यादीतून गेला असता तर मी ती शेड त्याच वर्षी बंद केली असती, तुम्हाला पॅकिंगला टाकलं असतं. वहिनींना ते माहीत होतं. "मिस्तरी, घरोघरी नवऱ्यासाठी उपास करतात, त्यांनी पार्सल केलं," असं म्हणून ते हसले. मी हसलो नाही. मी विचारलं, शेडमध्ये आणखी कोणाला माहीत होतं? ते म्हणाले, तसं सगळ्यांनाच.

त्या दिवशी शेडमध्ये मी एकेकाचं तोंड बघत होतो. चार वर्षं हे लोक मला दर डिसेंबरात म्हणत आले होते, काका, परदेशचा माल, जरा आम्हालाही शिकवा. मला तो मान वाटत होता.

पण एक गोष्ट अजून लागत नव्हती. बायकोने नवऱ्याचा काटा यादीत ठेवला, ठीक. त्यासाठी साहेब बिनसाखरेचा चहा कशाला पितील?

ऑफिसातून तिच्या वस्तू न्यायला मी परवानगी मागितली. नमुनाघरात शिपाई बरोबर होता. साहेब आपल्या केबिनमध्ये होते, येतोच म्हणाले. मी खिशातून किल्ली काढली तेव्हा शिपायाने माझ्याकडे पाहिलं आणि मग मुद्दाम खिडकीकडे पाहिलं. कपाटात तिचा चष्मा, कात्री, दोऱ्याची रिळं आणि एक जाड पाकीट. पाकिटात अकरा मालांच्या पोस्टाच्या पावत्या. चामड्याचे पट्टे, दगडी पाट्या, कंदिलाच्या काचा, हातपंपाचे वॉशर, असे. प्रत्येक पार्सल दोन-तीन नगांचं, ऑफिसच्या खर्चाने गेलेलं, आणि प्रत्येकावर कोपऱ्यात साहेबांची छोटी सही. तिच्या अक्षरात पाकिटावर एकच ओळ होती: सांगितल्यावरून पाठवले.

साहेब आले तेव्हा पाकीट माझ्या हातातच होतं. ते ओरडले नाहीत. शिपायाला बाहेर पाठवून दार लोटलं आणि स्टूल ओढून बसले.

"तुम्हाला वाटत असेल ही युक्ती माझी," ते म्हणाले. "ती तुमच्या घरातली आहे. मी फक्त पकडली. तुमच्या बाईंचं एक पार्सल माझ्या नजरेला आलं. त्यांची नोकरी गेली असती. त्याऐवजी मी म्हटलं, एकाचं करता तर अकरांचंही करा. आकडा राहिला, त्यांची नोकरी राहिली, तुमचा काटा राहिला. यात वाईट कोणाचं झालं?"

पाकीट मी पिशवीत टाकलं, चष्म्याखाली. त्यांनी अडवलं नाही, पण दारापर्यंत येऊन सांगितलं, की ते कागद कुठे गेले तर आधी वर येईल ते तिचंच नाव. मेलेल्या माणसाला खुलासा करता येत नाही, हे लक्षात ठेवा.

वाईट कोणाचं झालं हे मला त्याच आठवड्यात कळलं. खरं म्हणजे माहीत होतं, फक्त मी ते इथे जोडलं नव्हतं.

माझी लेक. तिने दोन मैत्रिणींबरोबर एक गॅरेज भाड्याने घेतलंय. तिथे त्या बोटाएवढी धातूची पट्टी बनवतात. पट्टीवर भार आला की तिच्यातली वीज किंचित बदलते आणि पडद्यावर आकडा दिसतो. नव्या काट्यांचा जीव तोच. म्हणजे माझ्या धंद्याचा काळ माझ्याच घरात वाढला. मी तिला म्हणायचो, तुझी पट्टी बॅटरी संपली की मुकी. ती म्हणायची, "बाबा, तुमची कमान म्हातारी झाली की खोटं बोलते." त्यावर तिची आई म्हणायची, दोघंही जेवायला बसा, कोण किती खातंय ते मी डोळ्यांनी मोजते.

ही पट्टी आमच्या देशातून आजवर कधी बाहेर गेलेली नाही. ती पाठवायची तर तिकडच्या प्रयोगशाळेचा दाखला हवा, त्याला महिने लागतात आणि यंत्रं लागतात. त्यासाठी सरकारचा निधी आहे, नव्या मालाचा. पण तो कायम उघडा नसतो. देशाचा आकडा तीनशेच्या खाली गेला तरच उघडतो. वर असेल तर देशाकडे पुरेसे प्रकार आहेत असं धरतात. लेकीने तीनदा अर्ज केला. तीनदा तेच पत्र आलं. चालू आकडा तीनशे चार, सबब विचार करता येत नाही. तिसरं पत्र मार्चच्या पहिल्या आठवड्यात आलं, आई गेल्यानंतर. ते घेऊन ती माझ्याकडे आली आणि पत्र ओट्यावर ठेवून उभ्याउभ्याच बोलायला लागली.

शेजारच्या देशात मागच्या वर्षी नव्वद माल यादीतून गेले, ती म्हणाली, आणि एकशे तीस नवे आले. त्यांच्याकडे मरतात पण पुष्कळ आणि जन्मतात त्याहून जास्त. म्हणून त्यांची यादी लांब. आपल्याकडे गेले चार, आले पाच, आणि पुस्तिकेत छापतात स्थैर्य. ज्या घरात चार वर्षांत फारसं कोणी मेलं नाही आणि फारसं कोणी जन्मलंही नाही, तिथे कोणीतरी खोटं सांगतंय, बाबा. मी आईला विचारलं होतं. गेल्या वर्षी. आकडा इतका हलत कसा नाही? आई म्हणाली, नियम आहे.

मी पत्र उचललं. पत्रावर तीनशे चार लिहिलेलं होतं. त्यातून बारा वजा करायला शाळा लागत नाही.

ती गेल्यावर मी माळ्यावर चढलो. का चढलो? मेव्हणीने अठ्ठेचाळीस सांगितले होते, चार वर्षांचे. या डिसेंबरातही मी बारा लावून दिले होते. ते कुठे होते? माळ्यावर जुन्या गाद्यांमागे खोका होता. सुतळी बांधलेली, पत्ता लिहिलेला, साडूचाच. मी घरातल्या काट्याला तो लटकवला. नऊ किलो दोनशे. उघडायची गरज नव्हती.

जानेवारीभर ती ठणठणीत होती. पोस्ट रस्त्याच्या पलीकडे आहे. दर वर्षी पहिल्या आठवड्यात पाठवणारी बाई या वर्षी अकरा फेब्रुवारीपर्यंत थांबली. लेकीचा तिसरा अर्ज जानेवारीत गेला होता. आता यातून मी काय समजायचं? तिने ठरवलं होतं, की पुरे? की पाय दुखत होते, की खोका जड झाला, की मलाच उचलायला सांगता येत नव्हतं? मी मेव्हणीला परत फोन केला. ताई काही बोलली होती का? मेव्हणी म्हणाली, या वर्षी तिने पार्सलाचा विषयच काढला नाही, आणि आम्हाला बरंच वाटलं, माळा भरला होता. साडूने मागून ओरडून सांगितलं, की काटे चांगले आहेत, एकही चुकत नाही. मी त्याला काही बोललो नाही, पण फोनही ठेवला नाही. तो म्हणाला, "ऐकताय ना?" मी म्हटलं, ऐकतोय.

आकडा छापायच्या आधी तो तपासायचं काम दुसऱ्या इमारतीतल्या एका बाईंकडे असतं. त्यांना सगळे तपासनीस बाई म्हणतात. मी तीन वेळा त्या इमारतीच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. एकदा तर रांगेत उभा राहिलो आणि माझा नंबर आल्यावर शेजारच्या खिडकीचा पत्ता विचारून निघालो. पिशवीत दोन पाकिटं होती. एकात अकरा मालांचे कागद. दुसऱ्यात तिच्या चार पावत्या. मला वाटत होतं, अकरांचे देईन, चार ठेवून घेईन, आणि माळ्यावरचा खोका मार्चअखेरच्या आत पोस्टात टाकीन. अकरा काढले की तीनशे चारचे दोनशे त्र्याण्णव होतात. तेवढ्यानेही निधी उघडतो. माझा एक काटा राहिला तर कोणाचं काय बिघडतं? आणि मग लक्षात आलं, की हेच वाक्य मी गेल्या महिन्यात दोघांच्या तोंडून ऐकलंय. एकाने पंखा मोठा करून म्हटलं होतं, दुसऱ्याने स्टुलावर बसून.

चौथ्या वेळी दोन्ही पाकिटं टेबलावर ठेवली.

तपासनीस बाई वयाने माझ्या बायकोएवढ्या. त्यांनी सगळं वाचलं, दोनदा. मी सांगत होतो ते त्यांनी मधे न थांबवता ऐकलं. मग माझ्या चार पावत्या वेगळ्या करून विचारलं, या का दिल्यात? या नसत्या तरी भागलं असतं. मी म्हटलं, काटा लावताना एक रेघ चुकली की पुढच्या सगळ्या चुकतात, मला दुसरं काही येत नाही. त्या जरा हसल्या. मग त्यांनी मला एक हिशेब दाखवला, जो मी केला नव्हता. गेल्या तीन वर्षांत माझ्या बायकोने एकट्या स्वतःचं पार्सल थांबवलं असतं तरी आकडा तीनशे तीनच राहिला असता. लेकीचा अर्ज तेव्हाही परत आला असता. अडवलं ते अकरांनी.

मला तेवढंच ऐकायचं होतं, असं मला वाटलं होतं. पण जिन्यावरून उतरताना मन परत उलटं फिरलं. पार्सल थांबवून भागलं नसतं, खरं. बोलून भागलं असतं. तिने तोंड उघडलं असतं तर. आणि तोंड उघडलं असतं तर माझी शेड गेली असती, तिची नोकरी गेली असती. लेक आणि नवरा, दोन्ही बाजूंना तिचीच माणसं. मी तिच्या जागी असतो तर काय केलं असतं हे मला सांगता येत नाही. ती माझ्यापेक्षा हुशार होती, एवढं सांगता येतं.

मार्चअखेर मोजणी झाली. दोनशे ब्याण्णव. साहेबांची बदली झाली. त्यांना कोणी काही विचारलं की नाही मला माहीत नाही. बदली म्हणजे शिक्षा की बढती हे आमच्याकडे वर्षभराने कळतं. पुस्तिकेत फक्त मालांची नावं आली, बारा माल यादीतून कमी केले, कोणी काय केलं ते आलं नाही. तपासनीस बाईंनी ते तेवढ्यावर ठेवलं असावं. का ठेवलं, कोणाला वाचवायला, असा विचार माझ्या मनात येतो. सवय लागली आहे.

काट्याची शेड एप्रिलमध्ये बंद झाली. मी आता पॅकिंगला आहे. खोके मोजतो.

आकडा जाहीर झाला त्या दिवशी संध्याकाळी लेक आली होती, पेढे नव्हते म्हणून बिस्किटं घेऊन. निधी उघडला, अर्ज आपोआप पुढे गेला, अर्जांच्या रांगेत ती चौथी. मग तिला माझ्या काट्याची आठवण झाली आणि तिने पुडा ओट्यावर ठेवला. "बाबा, तुमचा पण गेला. मला वाईट वाटतंय, आणि खोटं कशाला बोलू, आनंदही होतोय." मी म्हटलं, होऊ दे. ती चहा करायला उठली, साखरेचा डबा शोधला, तो तिच्या आईने ठेवलेल्या जागीच होता. पाणी उकळेपर्यंत ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"आईच्या डोळ्यांत धूळ फेकून चार वर्षं मेलेला माल जिवंत ठेवणारा हा जो कोण आहे ना," ती म्हणाली, "तो मला एकदा समोर भेटू दे."

मी बिस्किटाचा पुडा फोडला. ती तिच्या पट्टीच्या चाचणीबद्दल सांगू लागली, कोणती वजनं लागतील, मी शनिवारी येईन का. मी येतो म्हटलं. गेले सहा शनिवार मी जातोय. तिला वजनं अडकवून देतो, ती पडद्यावरचे आकडे लिहून घेते, आणि मधे मधे त्या माणसाला शिव्या घालते, तिच्या मैत्रिणीही घालतात.

तो माणूस कोण, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.